आरोग्यमंत्र्यांचं सभागृहातलं उत्तर कसं वाचायचं, आणि आपला प्रश्न तिथवर कसा पोचवायचा

अधिवेशन सुरू झालं की माझा फोन वाजायला लागतो. कुणी वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवतं, कुणी वाहिनीवरची क्लिप, आणि खाली साधारण एकच ओळ असते: "ताई, हे बघा काय सांगितलंय, आणि इथे काय चाललंय." सरकारी दवाखान्यांतल्या सेवांसाठी मी बरीच वर्षं गावकऱ्यांसोबत काम करते आहे. त्याच त्या शंका दर अधिवेशनात येतात, म्हणून एकदा सगळ्या इथे लिहून ठेवते. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राच्या विधिमंडळातली आहेत. संसदेत जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

मंत्री म्हणाले औषधं उपलब्ध आहेत. आमच्या दवाखान्यात तर नव्हती. मग मंत्री खोटं बोलले का?

बहुतेक वेळा तसं नसतं. एक प्रसंग सांगते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी बसले होते. ओपीडी आटोपली होती. तेवढ्यात तालुक्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा प्रश्न) आहे, सर्पदंशाच्या लसीची माहिती सोबतच्या नमुन्यात पाच वाजेपर्यंत पाठवा. औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी साठा नोंदवही काढली, सर्पदंशाच्या लसीचं पान उघडलं. शेवटची कुपी ज्या दिवशी वापरली त्या तारखेपुढे शिल्लक शून्य. त्याखालची नोंद थेट आदल्या दिवशीची, जिल्ह्याहून आलेल्या दहा कुप्यांची. दोन नोंदींच्या मधे जवळजवळ तीन आठवडे.

आलेल्या नमुन्यात रकाने तीनच होते: औषधाचं नाव, आजची शिल्लक, शेरा. त्यांनी शिल्लक लिहिली, दहा. मी विचारलं, "आणि मधले तीन आठवडे?" ते म्हणाले, "त्याला रकानाच नाहीये, मॅडम." शेऱ्यापुढे "निरंक" लिहिलं, म्हणजे काही नाही, कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांकडून अशी माहिती गोळा होते, तिची बेरीज होते आणि वर जाईपर्यंत "पुरेसा साठा उपलब्ध आहे" असं वाक्य तयार होतं. त्यात खोटा शब्द एकही नसतो. प्रश्नात तारीख नव्हती, म्हणून नमुन्यात तारखेचा रकाना आला नाही, म्हणून उत्तरातही ते तीन आठवडे आले नाहीत. ज्या माणसाला त्या तीन आठवड्यांत साप चावला असेल, त्याच्या घरच्यांनी ते वाक्य वाचलं तर त्यांना काय वाटेल, एवढाच विचार मी तेव्हा करत होते. सभागृहाकडे कसं बघायचं हे मी त्या दुपारी शिकले: उत्तर सुधारायचं असेल तर आधी प्रश्न सुधारावा लागतो.

मंत्र्यांचं उत्तर प्रत्यक्षात लिहितं कोण?

सदस्याचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयात जातो. विधानसभेत अध्यक्षांनी, परिषदेत सभापतींनी स्वीकृत केला की तो सार्वजनिक आरोग्य विभागाकडे येतो. मंत्रालयात ज्या कार्यासनाचा विषय असेल तिथले कक्ष अधिकारी तो आरोग्य सेवेच्या आयुक्तालयाकडे पाठवतात, तिथून तो परिमंडळाच्या (काही जिल्हे मिळून एक) उपसंचालकांकडे येतो. राज्यात अशी आठ परिमंडळं आहेत. मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग केंद्र. ज्या जिन्याने कागद खाली उतरतो त्याच जिन्याने माहिती वर चढते. सरकारी कार्यालयांत याला सरसकट "एलएक्यू" (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधिमंडळातला प्रश्न) म्हणतात, आणि "एलएक्यू आलाय" म्हटलं की हातातली बाकीची कामं बाजूला पडतात.

वर चढताना प्रत्येक पायरीवर भाषा थोडी गुळगुळीत होते. "लस नव्हती" हे वाक्य "मागणी नोंदवण्यात आली असून पुरवठ्याची कार्यवाही सुरू आहे" असं होऊन मंत्रालयात पोचतं. मंत्री मान्यता देतात ती या शेवटच्या वाक्याला. तरीही ते उत्तर मंत्र्यांचंच असतं, जबाबदारीही त्यांचीच. खालून चुकीची माहिती आली, हे सभागृहात कारण म्हणून चालत नाही, आणि चालू नये.

तारांकित, अतारांकित आणि लक्षवेधी यांत फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, उपप्रश्न नाही. लक्षवेधी सूचना तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयासाठी असते. विधानसभेत ती नियम १०५ खाली मांडली जाते: मंत्री आधी निवेदन करतात, मग सदस्य खुलासे मागतात. विरोधी पक्ष नियम २९३ खाली जी चर्चा घडवून आणतो, तिच्यातही आरोग्याचा विषय अनेकदा येतो.

लोकांना वाटतं तारांकित म्हणजे मोठा, अतारांकित म्हणजे दुय्यम. मला तसं वाटत नाही. आकडे हवे असतील, केंद्रनिहाय तक्ता हवा असेल, तर अतारांकितच चांगला. शांतपणे वाचता येणारा कागद हाती येतो. मंत्र्यांकडून शब्द घ्यायचा असेल, "कधीपर्यंत करणार" हे वदवून घ्यायचं असेल, तेव्हा तारांकित किंवा लक्षवेधी. खरा कस उपप्रश्नात लागतो, कारण तिथे मंत्र्यांकडे टिपणी असते आणि अधिकारी गॅलरीतून चिठ्ठीही येते, पण वाक्य त्यांना स्वतःला जुळवावं लागतं.

"हे अंशतः खरे आहे" याचा अर्थ काय घ्यायचा?

महाराष्ट्रात प्रश्न एका ठरलेल्या साच्यात येतात. पहिला भाग असतो: अमुक ठिकाणी अमुक झालं, "हे खरे आहे काय?" दुसरा: "असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले?" तिसरा: त्यानुसार काय कार्यवाही केली? आणि शेवटचा: "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तरंही तशीच ठरलेली. "होय, हे खरे आहे" आलं तर तो कागद जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. "हे अंशतः खरे आहे" आलं तर कोणता अंश खरा मानला ते पुढच्या ओळींत शोधा. बहुतेकदा घटना मान्य असते, तिचं कारण मान्य नसतं. आणि पहिल्याच भागाला "हे खरे नाही" असं उत्तर आलं, तर पुढच्या सगळ्या भागांसमोर एकच ओळ येते: "प्रश्न उद्भवत नाही."

ही शेवटची ओळ मी नवीन कार्यकर्त्यांना आवर्जून दाखवते. सगळे उपभाग पहिल्या भागाच्या खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निघाली की सगळं खाली. पहिल्या भागात जरा अतिशयोक्ती झाली, "सर्व केंद्रांत औषधांचा खडखडाट" असं लिहिलं, तर एका केंद्रात गोळ्यांची एक पट्टी सापडली तरी "हे खरे नाही" म्हणायला विभाग मोकळा होतो. म्हणून प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहायचा.

आमच्या रुग्णालयाचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांनाच विचारायचा ना?

आधी ते रुग्णालय कुणाचं आहे ते बघा. इथे फार जण चुकतात, आणि प्रश्न दुसऱ्याच विभागाकडे गेला की अधिवेशन हातचं जातं.

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतली. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्याचे मंत्री बहुतेकदा वेगळे असतात. महापालिकेचं रुग्णालय महापालिकेचं, त्याचा धागा नगरविकास विभागापर्यंत जातो. कामगार विमा रुग्णालयांची व्यवस्था आणखी निराळी.

तीन घटना आठवा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ते रुग्णालय आरोग्य विभागाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ते रुग्णालय ठाणे महापालिकेचं. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. नांदेडच्या मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. बाहेर रडणाऱ्या आईसाठी ही तिन्ही "सरकारी दवाखाने"च आहेत, आणि तिचं काही चुकत नाही. पण प्रश्नाच्या कागदावर मंत्री तीन वेगळे.

आमदारांकडे जाऊ की खासदारांकडे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली सहावी नोंद "सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने" अशी आहे. दवाखाना, कर्मचारी, औषध हे राज्याचं, म्हणून आमदार. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी, लसीकरणाचा कार्यक्रम, एम्स, आयुष्मान भारत, साथीच्या रोगांचा राज्याराज्यांतला प्रसार हे केंद्राशी जोडलेलं, म्हणून खासदार.

काही विषय दोन्हीकडे विचारावेत असे असतात. आरोग्य अभियानाचा खर्च आपल्याकडे केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात उचलतं. केंद्राने किती पाठवले हे लोकसभेत विचारा, राज्याने किती खर्च केले हे विधानसभेत, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. यातून जे दिसतं ते एका कागदात कधीच दिसत नाही.

"आरोग्य हा राज्याचा विषय आहे" हे वाक्य संसदेतल्या उत्तरांत तुम्हाला वारंवार भेटेल. घटनेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडमध्ये किती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी गेले असं विचारल्यावर, आरोग्य राज्याचा विषय असल्यामुळे अशी माहिती केंद्रस्तरावर ठेवली जात नाही असं उत्तर आलं. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच ३८२ डॉक्टरांची यादीच जाहीर केली. एका संघटनेला जे मोजता आलं ते सरकारला मोजता आलं असतं.

"ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू झाला नाही" असं खरंच सांगितलं होतं का?

नेमके शब्द वेगळे होते, आणि ते वाचायलाच हवेत.

२० जुलै २०२१, राज्यसभा. उत्तर केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या नावे होतं. त्या तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते. उत्तराचा आशय असा होता: आरोग्य राज्याचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी कळवायची याच्या सूचना केंद्राने राज्यांना दिल्या आहेत, त्यानुसार राज्यं नियमित माहिती देतात, आणि ऑक्सिजनच्या अभावामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही.

"झाले नाहीत" आणि "कळवलेले नाहीत" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दुसऱ्या दिवशी घराघरांत पोचलं ते पहिलं वाक्य. लोक चिडले ते साहजिक होतं. त्याच नाशिकमध्ये, तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले. गोव्यात ११ मेच्या पहाटे गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) २६ रुग्ण दगावले, तेव्हा राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी स्वतःच उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली होती. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या दिवसांत सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री फोन फिरवले आहेत.

मग राज्यांनी कळवलं का नाही? महाराष्ट्राच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनीही राज्यात ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाला नाही अशीच भूमिका घेतली होती. राजकारण आणि न्यायालयातल्या खटल्यांची भीती यांत होतीच. पण त्याच्याही तळाशी एक फॉर्म आहे. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात, तो नमुना ४. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि मूळ आजार लिहायचा असतो. डॉक्टर लिहितात: श्वसन निकामी, न्यूमोनिया, कोविड. "टाकी रिकामी होती" याला त्या नमुन्यात जागा नाही. सर्पदंशाच्या लसीच्या नमुन्यात मधल्या तीन आठवड्यांना जागा नव्हती, तसंच हे. जिथे रकाना नाही तिथून माहिती येत नाही, आणि वर बसलेल्याला "कळवलेले नाही" म्हणता येतं.

नंतर केंद्राने राज्यांना थेट विचारलं. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी लोकसभेत सांगितलं की १९ राज्यांनी उत्तर दिलं आणि त्यांपैकी फक्त पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले.

मला विचाराल तर राज्यसभेतल्या त्या प्रश्नाने कारण विचारलं, ही त्याची कमजोरी होती. कारण कबूल करायला कुणीतरी पुढे यावं लागतं. त्याऐवजी अमुक रुग्णालयात अमुक तारखेला ऑक्सिजनचा दाब किती वाजता कमी झाला, किती वाजता पूर्ववत झाला आणि त्या दोन वेळांच्या दरम्यान किती रुग्ण दगावले, असं विचारलं असतं तर उत्तरासाठी कुणाच्या कबुलीची गरज पडली नसती. नोंदवह्यांतून उतरवून काढावं लागलं असतं, इतकंच.

मग चांगला प्रश्न कसा लिहायचा?

कारण विचारू नका, घटना विचारा. विशेषणं काढा, तारखा घाला. "तुटवडा", "दुरवस्था", "बोजवारा" हे शब्द भाषणाला ठीक आहेत, पण प्रश्नात ते आले की त्यांचा अर्थ विभाग ठरवतो. आमच्या एका आमदारांना आम्ही साधारण असा मसुदा दिला होता:

"तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दि. १ जून ते ३१ ऑगस्ट या कालावधीत सर्पदंशावरील लसीची शिल्लक कोणकोणत्या तारखांना शून्य होती, केंद्रनिहाय. या कालावधीत सर्पदंशाचे किती रुग्ण आले व त्यांपैकी किती रुग्णांना अन्यत्र पाठवण्यात आले. केंद्रांनी मागणी कोणत्या तारखांना नोंदवली व पुरवठा कोणत्या तारखांना झाला?"

यात "लसीअभावी पाठवले" असं मुद्दाम लिहिलेलं नाही. शून्य शिल्लकीच्या तारखा आणि रुग्ण पाठवल्याच्या तारखा शेजारी आल्या की वाचणाऱ्याला कळतं.

रिक्त पदांचंही असंच. "किती पदं रिक्त आहेत" विचारलं तर उत्तर कमी येतं, कारण कागदावर पद भरलेलं असतं आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतात. म्हणून मंजूर किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी मूळ ठिकाणी प्रत्यक्ष काम करणारे किती, असे तीन आकडे मागा. नवीन केंद्र हवं असेल तर निकषावर बोट ठेवा: सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आपल्या तालुक्याची लोकसंख्या आणि केंद्रांची संख्या विचारली की भागाकार कुणीही करू शकतं.

लांबी आटोपशीर ठेवा. लोकसभेत तर प्रश्न १५० शब्दांच्या वर जाऊ नये असा नियमच आहे.

आमदार आमचा प्रश्न घेतील का? विरोधी पक्षाचेच असावे लागतात का?

सत्ताधारी आमदारही भरपूर प्रश्न विचारतात, मतदारसंघातल्या दवाखान्यासाठी तर नक्कीच. त्यामुळे पक्ष बघून थांबू नका. मात्र अधिवेशनाच्या तोंडावर गेलात तर उशीर झालेला असतो. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. संसदेत किमान १५ पूर्ण दिवस आधी. अधिवेशनाच्या महिनाभर आधी, टाइप केलेला एक पानी मसुदा आणि पुराव्याचे फोटो घेऊन जा, आणि स्वीय सहायकांना नीट समजावून सांगा. प्रश्न प्रत्यक्षात तेच दाखल करतात. निवेदन दिलं, फोटो काढला आणि परतलो, असं करू नका. निवेदनाचा प्रश्न होत नाही, मसुद्याचा होतो.

मतदारसंघातले आमदार तयार नसतील तर विधान परिषदेचे सदस्य आहेत, शेजारच्या मतदारसंघातले आमदार आहेत.

संसदेत आरोग्य मंत्रालयाचा वार कोणता?

मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. आरोग्याचे प्रश्न लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत मंगळवारी येतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. ही संख्या सगळ्या खात्यांची मिळून त्या दिवसाची. जास्त सूचना आल्या तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. प्रश्नोत्तरांच्या तासाभरात तारांकितांपैकी मोजकेच तोंडी होतात, उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. म्हणजे गोंधळात तास वाहून गेला तरी उत्तराचा कागद मिळतोच, हे लक्षात असू द्या.

मंत्री म्हणाले "तपासून घेऊ", "कार्यवाही करू". पुढे काय होतं?

इथे बहुतेक लोक हातपाय गाळतात, आणि खरं तर इथूनच एक रस्ता सुरू होतो. सभागृहात मंत्र्यांनी "विचाराधीन आहे", "माहिती घेऊन पटलावर ठेवू" असं म्हटलं की ते आश्वासन ठरू शकतं. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. ती अशी वाक्यं कामकाजातून वेचून काढते आणि मंत्रालयाकडून पूर्ततेचा हिशेब मागते. मुदत तीन महिन्यांची असते, ती वाढवूनही दिली जाते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे.

म्हणून कामकाजाच्या अहवालातलं नेमकं वाक्य, तारीख आणि प्रश्न क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढच्या अधिवेशनात आमदारांना सांगा: अमुक तारखेला दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली काय, एवढंच विचारा. हा प्रश्न टाळणं फार अवघड असतं.

उत्तर चक्क चुकीचं असेल तर?

तुमच्याकडे पुरावा हवा, आणि तो सदस्यांच्या हाती द्यायला हवा. लोकसभेत मंत्र्यांच्या निवेदनातली चूक सदस्याला अध्यक्षांच्या निदेश ११५ खाली लेखी निदर्शनास आणून देता येते. हेतुपुरस्सर दिशाभूल केली असेल तर विशेषाधिकार भंगाची सूचना देता येते, पण हेतू सिद्ध करणं कठीण. उत्तरातून नवे मुद्दे निघत असतील तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. माझा अनुभव सांगायचा तर आरोपापेक्षा नोंदवहीच्या पानाचा फोटो जास्त बोलतो.

माहितीचा अधिकार आहे ना, मग सभागृहाच्या भानगडीत कशाला पडायचं?

दोन्ही वापरा. माहिती अधिकारात एका कार्यालयाकडचा कागद मिळतो. सभागृहात उत्तर मिळतं ते मंत्र्यांच्या नावाचं, साऱ्या राज्याला लागू होणारं. आधी माहिती अधिकारात एका केंद्राच्या नोंदी काढा, मग त्याच्या आधारावर जिल्ह्याचा प्रश्न तयार करा, हा क्रम आम्हाला लाभला आहे.

२००५ च्या मूळ कायद्यात व्यक्तिगत माहितीच्या कलमाखाली एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि त्यात ही ओळ गेली. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ती ओळ दाखवून आम्ही कितीतरी टेबलांवरून माहिती मिळवली होती.

उत्तरं वाचायला कुठे मिळतात?

संसदेची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्य आणि तारखेनुसार शोधता येतात. महाराष्ट्राच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. वर्तमानपत्रातल्या बातमीवर थांबू नका, मूळ उत्तर उघडाच. तक्ते सोबतच्या विवरणपत्रात असतात, आणि आपल्या जिल्ह्याची ओळ तिथेच सापडते.

प्रश्न विचारला तर आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरवर किंवा डॉक्टरवर कारवाई होईल का?

ही भीती खरी आहे आणि ती विचारणाऱ्यांत आशाताई सगळ्यात जास्त असतात. वरून जाब आला की सगळ्यात खालच्या माणसाला कारणे दाखवा नोटीस निघते, हे मी पाहिलं आहे. म्हणून प्रश्नात माणसाचं नाव किंवा "कर्तव्यात कसूर" असे शब्द आम्ही घालत नाही. पुरवठा, मंजूर पदं, निधी, दुरुस्ती यांवर प्रश्न ठेवतो. लोकाधारित देखरेख प्रकल्प (सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचा) राज्यात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हाही जनसुनवाईत हाच मुद्दा यायचा: तक्रार सेवेची करा, समोर उभ्या असलेल्या नर्सची नको.

त्या दिवशी "निरंक" लिहिणाऱ्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी फोटो पाठवून झाल्यावर कपाटातून एक फाइल काढली. तीत सर्पदंशाच्या लसीसाठी त्यांनी पाठवलेली तीन मागणीपत्रं होती, तिन्हींवर आवक-जावक क्रमांक आणि तारखा. ती कुणी मागितली नव्हती, म्हणून कुणी पाहिली नव्हती. "मागणी कोणत्या तारखांना नोंदवली" हा भाग आमच्या मसुद्यात आला तो ती फाइल पाहून.